चेंबर आणि बांध

२ फेब्रुवारी, रविवार

आज सकाळी लवकर अंघोळ केली, देवापुढे दिवा लावला, आणि त्याला जे सांगायचे ते सांगून गाडीत जाऊन बसलो. गेली दोन वर्षे मागच्या शेडमध्ये सुटे भाग जोडून ही गाडी उभी केली. सांगाडा आणि वरचे अंग विकत मिळणाऱ्या सुट्या भागांच्या पेटीतून आले, इंजिन एका मोडीत निघालेल्या गाडीचे. शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या माणसाने गाडी जोडावी का, असे लोक विचारतात. मी म्हणतो, दोन्हीकडे तेल योग्य जागी पोचले की झाले.

आज तेल पोचले, गाडीच पोचली नाही. गाडी सुरू केली, बोळातून हळूहळू नेली. बोळाच्या तोंडाशी सिमेंटचा बुटका बांध आहे. पुढची चाके बांध चढून पलीकडे उतरली आणि खालून ‘खर्रर्र’ असा आवाज आला. गाडी पोटावर बसली. उतरून वाकून पाहिले तर इंजिनाखालचे तेलाचे चेंबर बांधाला टेकलेले, आणि त्यावर बोटभर रुंद ओरखडा.

हिचा भाऊ वेल्डर आहे, तो आला होता. त्याने आणि हिने मिळून मागे ढकलली. ढकलताना तो म्हणाला, “दाजी, गाडी झकास आहे. फक्त बाहेर जात नाही.”

बांधाजवळच दादाचे घर आहे. तो दारात खुर्ची टाकून बसला होता. आम्ही गाडी मागे घेतल्यावर तो काठी टेकत आला, वाकला, बांधावरून हात फिरवला आणि आत गेला. गाडीकडे पाहिलेसुद्धा नाही.

दादा गवंडी होता. रस्त्याचे पाणी बोळात येऊ नये म्हणून त्यानेच हा बांध घातला. घालत असताना मी चार माणसांत एवढेच म्हणालो होतो की दादा, उतार चुकतोय, पाणी आतच साचेल. त्याने थापी खाली ठेवली, हात धुतले, म्हणाला, “बरं.” त्यानंतर तो माझ्याशी बोललेला नाही. पाणी अजून साचलेले नाही हे खरे, पण तसे पाणीही अजून आलेले नाही.

आमचे भांडण नाही. फक्त बोलणे नाही. आम्हा भावांच्या वाट्याला शेत आले नाही, पण बांध आला.

४ फेब्रुवारी, मंगळवार

कपडे वाळत घालताना ही आणि वहिनी भिंतीवरून बोलतात. त्यांचे बोलणे कधी बंद पडले नाही. आज ही म्हणाली, “मोठे भावोजी आणि जाऊबाई लेकीकडे राहायला चाललेत. कायमचं. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी.”

मी मशीनचा हुक पुसत होतो. “बरं,” म्हणालो.

“भावोजींच्या गुडघ्यांमुळे दोघांनाच राहणं जमत नाही आता. घर भाड्याने देणार.”

“बरं.”

“तुम्ही दोघं भाऊ एकाच साच्यातले आहात.”

विचार करून ठरवले की गाडी त्या रविवारच्या आत बाहेर निघाली पाहिजे. कारण उघड आहे. भाडेकरू कसा येईल सांगता येत नाही. बोळाच्या तोंडाशी काहीबाही उभे करील, मग गाडी जन्मभर शेडमध्ये.

ही म्हणाली, “इतकं कशाला? सरळ जाऊन सांगा, बोटभर बांध कमी करा म्हणून.”

मी तिला समजावले की हा तांत्रिक प्रश्न आहे. चेंबर जमिनीपासून किती वर, एवढाच. त्यात माणसांचा संबंध नाही.

“आणि शेजारची सीट इतकी मागे का सरकवलीय? माझे पाय पुढे पोचत नाहीत.”

“कुणी उंच माणूस बसला तर.”

“मला तर गाडीत मळमळतं. मी बसणारच नाही,” ती म्हणाली. “मग ही सीट कुणासाठी?”

बायकांना प्रत्येक गोष्टीचा धागा कुठेतरी बांधायचा असतो. सीट आहे म्हणजे कुणीतरी बसेल.

९ फेब्रुवारी, रविवार

शिस्तीने काम सुरू केले. आधी एक फळी कापली, बरोबर बांधाच्या उंचीची. बांधाशेजारी उभी धरून, रेघ मारून, रंध्याने तासून. आता गाडी सारखी बांधापर्यंत न्यायला नको. शेडमध्ये फळी चेंबरखालून सरकवली की कळते. अडली तर अजून बाकी आहे.

पहिला उपाय म्हणून पुढच्या स्प्रिंगांखाली जाड चकत्या घातल्या. फळी आरामात सरकली. पण बाहेर उभे राहून पाहिले तर गाडी नाक वर करून आभाळाकडे बघत होती. वेल्डर मेहुणा तिच्याभोवती एक फेरी मारून म्हणाला, “दाजी, ही शिंकणार आहे का?” चालवून पाहिली तर सुकाणू हलके पडले, चाक कुठे वळले ते हाताला कळेना. चकत्या काढल्या.

दुसरा उपाय, इंजिनच वर घेणे. इंजिन ज्यांवर टेकते त्या माउंटिंगच्या रबरांखाली लोखंडी पट्ट्या दिल्या. इंजिन वर आले, चेंबर वर आले, आणि बॉनेट लागेना. मेहुणा म्हणाला, बॉनेट कापून वर टोपी बसवू. मी नको म्हणालो. नाकापेक्षा मोती जड व्हायचा. शिवाय गिअरबॉक्सपासून मागे जाणाऱ्या दांड्याचा कोन बिघडला आणि सगळी गाडी ताप भरल्यासारखी थरथरू लागली. एक पट्टी ठेवली, बाकीच्या काढल्या. थरथर थांबली, बॉनेट लागले, फळी अडली.

माणसाचेही असेच असावे. एक गोष्ट वर उचलली की दुसरी कुठेतरी लागते. संध्याकाळी प्रार्थनेला बसल्यावर हे सुचले. मग प्रार्थना राहिली आणि चेंबरचाच विचार चालला. देव समजून घेईल.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

एका शिवणकारखान्यातले काम लवकर आटोपले म्हणून दुपारीच घरी आलो. बोळाच्या तोंडाशी दादा पाटावर बसला होता, पाय लांब करून. हातात छिन्नी आणि हातोडी. मला पाहून त्याने बांधावर पोते टाकले आणि रस्त्याकडे बघत बसला, जसा काही ऊन खायला बसलाय. पायजम्यावर सिमेंटची पांढरी धूळ.

मला बोलायचे होते असे नाही, पण चाल थोडी मंद झाली हे खरे.

माझ्या गाडीने पाडलेला ओरखडा दुरुस्त करत असणार. जुने सिमेंट आधी टवके काढून खडबडीत करायचे, मगच नवे धरते, हे त्यानेच मला शिकवलेले. गुडघे धड नाहीत, पंधरा दिवसांत घर सोडून जायचे, तरी ओरखडा ठेवून जाणार नाही. स्वाभिमान असावा, पण इतका? जेवताना देवाला म्हटले, त्याला थोडी सद्बुद्धी दे.

१७ फेब्रुवारी, सोमवार

एक विचित्र गोष्ट. दादा आत असताना जाऊन फळी बांधाशेजारी धरून पाहिली. फळी बांधाच्या वर आली. नखभर का होईना, वर.

बराच वेळ विचार केला. दादाने घातलेला बांध खचणार नाही. त्याने बांधलेल्या पायऱ्या, ओटे, कट्टे गावभर आहेत, एकाने जागा सोडलेली नाही. म्हणजे फळीच फुगली. शेडमध्ये ओल आहे, लाकूडही हलक्या प्रतीचे. घरी आणून रंधून बांधाएवढी केली.

हिला सांगितले. ती कणीक मळत होती. “फळी फुगली?” म्हणाली.

“लाकूड पाणी धरतं.”

“उंचीत?”

मी म्हणालो, लाकडाचा काही नेम नसतो. ती खाली मान घालून मळत राहिली, खांदे मात्र हलत होते.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आज मोठे ऑपरेशन. चेंबर उतरवले, तेल काढले, धुतले. तळ कापून उथळ करायचे ठरले होते. पण उथळ केले की तेल कमी मावते, आणि कमी तेलावर इंजिन चालवणे म्हणजे पाहुण्याला अर्ध्या पोटी उठवणे. म्हणून दोन्ही बाजूंना पत्र्याचे खिसे जोडायचे. जेवढे खाली गेले तेवढे आडवे मिळाले.

मेहुण्याने वेल्डिंग सुरेख केले. कामाला लागला की त्याची थट्टा बंद होते, एवढाच त्याच्यात गुण. नंतर चेंबरमध्ये रॉकेल ओतून कागदावर ठेवले. कागद कोरडा राहिला.

बसवणार इतक्यात ही चहा घेऊन आली. म्हणाली, “आतली ती जाळी खाली टेकणार नाही ना?”

चेंबरच्या आत एक नळी असते, टोकाला जाळी. तिथून इंजिन तेल ओढते. जाळी आणि तळ यांत थोडी फट हवी. आम्ही तळ वर आणला आणि जाळी होती तिथेच ठेवली.

“टेकतेय का ते आतलं दिसणार कसं?” मेहुणा म्हणाला.

ही आत जाऊन कणकेचा गोळा घेऊन आली. तो चेंबरच्या तळाशी ठेवला, चेंबर बोल्टवर चढवून घट्ट केले, पुन्हा उतरवले. गोळ्याचा कागद झाला होता. जाळीची नक्षी त्यावर उमटलेली.

“तेल प्यायला तोंडच उघडलं नसतं तिनं,” ही म्हणाली. “बोलायला जागा लागते थोडी. सगळ्यांनाच.”

तेलाबद्दल बोलत होती. नळी कापून पुन्हा जोडली. दुसऱ्या गोळ्याला बोटाच्या जाडीची फट आली. तेल मोजायची पट्टीही बदलावी लागली, कारण खोली बदलल्यावर जुन्या खुणा खोटे सांगतात. नव्या खुणा मी स्वतः कानशीने पाडल्या.

२३ फेब्रुवारी, रविवार

फळी चेंबरखालून सरकली. गाडी बोळातून काढली, देवाचे नाव घेतले, बांधावर घातली. आवाज नाही. पलीकडे गेलो, वळलो, परत आलो. आवाज नाही.

मी शेडमध्ये हात पुसत उभा होतो. हिने विचारले, “दोघं बसल्यावर?”

हे माझ्या डोक्यात आलेच नव्हते. सगळी मोजमापे रिकाम्या गाडीची, फार तर माझ्या एकट्याच्या वजनाची. माणूस बसला की स्प्रिंग दबणार, हे कळायला शाळेत जावे लागत नाही.

वाळूने पोते भरले आणि शेजारच्या सीटवर बसवले. घसरू नये म्हणून पट्टा लावला. पोत्याखाली पाटी ठेवून थोडे उंच केले. बांधावर गेलो, खर्रर्र.

वहिनी भिंतीवरून बघत होत्या. “भावोजी, पोत्याला पट्टा कशाला? ते काय उडी मारणार आहे?”

“सुरक्षितता, वहिनी.”

“बरंच भारी दिसतंय. कुणाच्या मापाचं आहे?”

“असंच. एखाद्या आडव्या बांध्याच्या माणसाचं.”

ही म्हणाली, “डावा पाय लांब करता यावा म्हणून सीटसमोरची पाय ठेवायची फळीही कापलीय यांनी. पोत्याचा गुडघा दुखतो ना.”

दोघी जावा इतक्या हसल्या की दादा दारात आला. त्याने पोत्याकडे बराच वेळ पाहिले. मग आत जाऊन दार लोटले. त्याला राग आला असणार. हसण्याला एक मर्यादा असते, हे मी हिला नंतर सांगितले.

२६ फेब्रुवारी, बुधवार

वहिनींनी घासायचा मोठा दगड मागितला म्हणून हिने माझा परस्पर देऊन टाकला. मी विचारले, कशाला? सुरीला धार लावायची असेल, म्हणाली. त्या दगडाने मी लोखंडी कड मारतो. त्याने सुरी लावली तर मूठच उरायची. पण निघायच्या गडबडीत माणसाला काही सुचत नाही.

वहिनी म्हणत होत्या, दादाला खोकला झालाय. धुळीने. सामान आवरताना धूळ उडतेच.

फळी पुन्हा फुगली आहे. पुन्हा रंधली. आता इतकी लहान झाली की नवी कापावी लागेल.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

पोते बसवून गाडी बांधावरून गेली. आवाज नाही. पुन्हा नेली, तरी नाही.

हिशोबाने जायला नको होती. चेंबर जेवढे कापले, माउंटिंग जेवढे उचलले, त्याची बेरीज केली तरी पोत्याच्या वजनाला पुरत नाही. मेहुण्याला विचारले. तो बांधाकडे बघून म्हणाला, “माझं वेल्डिंग कधीकधी असं करतं,” आणि हेल्मेट घालून बसला. आता वेल्ड करायचे काही उरले नव्हते.

मला वाटते, काही गोष्टी माणसाच्या हिशोबात बसत नाहीत, आणि बसू नयेत. मनापासून काम केले की वरून थोडी भर पडते. देवाला नमस्कार केला. फळी आता लागणार नाही, म्हणून चुलीत घातली.

१ मार्च, शनिवार

दादाचे सामान नेणारी गाडी उद्या सकाळी येईल. वहिनी तिच्यात पुढे बसून जाणार. दादानेही तिच्यातच बसावे असे ठरलेय. तिघे पुढच्या बाकावर, गुडघे दुमडून.

आज त्याच्या दारापर्यंत गेलो होतो. हातात पाना घेऊन गेलो, म्हणजे कुणाला वाटावे की काही काम आहे. दार उघडे होते. तो आत पेटीवर बसून आपल्या थापी, ओळंबा, छिन्न्या फडक्यात बांधत होता. छिन्नीचे टोक पार बोथट झालेले दिसले. गवंडी माणसाने हत्यार इतके बोथट होऊ द्यावे, हे दादाच्या स्वभावात नाही. वय झाले.

मी बोळातच उभा राहिलो, मग बांधावरचा एक खडा पायाने बाजूला केला आणि परत आलो.

हिने माझ्या हातातला पाना घेऊन जागेवर ठेवला. म्हणजे तिला सगळे दिसले होते.

लहानपणी आमच्याकडे बेअरिंगची चाके लावलेली लाकडी गाडी होती. उतारावर पुढे दादा बसायचा, दोरी त्याच्या हातात. मी मागे, त्याची कंबर धरून. हे आज का आठवले कळत नाही. गाडीचाच विषय चालला आहे म्हणून असेल.

२ मार्च, रविवार

आधी सोपे ते लिहितो. परत आलो तेव्हा उन्हे कलली होती. पहिले काम म्हणजे गाडीखाली आडवा झालो आणि चेंबरवरून हात फिरवला. नवा ओरखडा एकही नाही. उठून हिला म्हणालो, “बघ, मी पहिल्यापासून सांगत होतो. मोजमाप बरोबर असलं की कुणाकडे काही मागावं लागत नाही.”

ती म्हणाली, “हो. आता तेवढं पावसाआधी बांधाचं बघा.”

“बांधाला काय झालंय?”

“काही नाही,” म्हणाली, आणि माझा दगड आणून समोर ठेवला. वहिनी जाताना भिंतीवरून देऊन गेल्या होत्या. एका बाजूने पार सपाट झालाय. सुरी चांगलीच मोठी असली पाहिजे.

आता सकाळचे.

सामानाची गाडी भरून झाली होती. वहिनी पुढे बसल्या. दादा दाराला कुलूप लावत होता. मी शेडमधून गाडी काढली, पोते उतरवून भिंतीला टेकवले, आणि बोळातून नेऊन त्याच्या दारासमोर उभी केली. काय बोलायचे ते पाठ केले होते. गुडघे, बाकावरची अडचण, रस्त्याचे अंतर, सगळे क्रमाने. उतरलो, त्याच्यासमोर उभा राहिलो, आणि म्हणालो, “दादा, गाडीची वजन घालून चाचणी घ्यायची आहे.”

त्याने कुलूप ओढून पाहिले. “पोतं कुठं गेलं?”

“पोतं… त्याचं वजन कमी पडतंय.”

“हं,” म्हणाला. किल्ली खिशात टाकली. “किती लांबची चाचणी?”

“लेकीच्या दारापर्यंत.”

त्याने कुलूप पुन्हा एकदा ओढून पाहिले. सामानाच्या गाडीतून वहिनी ओरडल्या, “अहो, बसा आता. भावोजींना हात पकडून बसवायची सवय नाही.” तेव्हा मी दार उघडले. तो वाकून आत बसला. डावा पाय पुढे लांब केला, तो पुरा लांब झाला. त्याने खाली पाहिले, सीटची कड चाचपली, आणि पट्टा स्वतःच लावून घेतला.

“सुकाणू तुझ्याकडे?” म्हणाला.

“माझ्याकडे.”

“बरं.”

गाडी बांधावर घेतली. पुढची चाके चढली, उतरली. मागची चढली, उतरली. आवाज नाही. मी त्याच्याकडे पाहिले. तो मान वळवून मागे बांधाकडे बघत होता, गाडीकडे नाही. जाताना माणसाला आपले काम शेवटचे बघावेसे वाटते.

“वेल्डिंग चांगलं झालंय तुझं,” म्हणाला.

“मेहुण्याचं आहे.”

“त्याचंही.” मग थोडे खोकून, रस्त्याकडे बघत म्हणाला, “आता पाणी आत येईल हं तुझ्याकडे.”

आभाळ स्वच्छ होते. तो कोणत्या पाण्याबद्दल बोलतोय ते मला कळले नाही, आणि विचारायला गाडी थांबवावी लागली असती.

“येऊ दे,” मी म्हणालो, आणि गाडी रस्त्याला लावली.